भातखाचरांच्या मुलखात जाणाऱ्या शेतकरी बंधूंस

धाराशिव जिल्ह्यातील आम्हां कोरडवाहू शेतकऱ्यांस भात ताटातला ठाऊक, वावरातला नाही. वर्षास ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. यामुळे पडलेला थेंब जमिनीत जिरविण्यातच आमची सारी बुद्धी खर्ची पडत आली आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा व भूमकडील शेतेच्या शेते खरडून नेली, तेव्हा जादा पाणी बांध न फोडता खाली कसे उतरवावे, ही विद्याही आम्हांस हवी असे दिसून आले. ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती आहे, ते लोक अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात राहतात. घाटघर-रतनवाडीकडे काही वर्षी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथील महादेव कोळी व ठाकर शेतकऱ्यांनी उतारांस पायऱ्या पाडून त्यावर भात उभा केला आहे.

वाट सोपी आहे. भूम, खर्डा, जामखेडवरून अहिल्यानगर, तेथून संगमनेर, अकोले, राजूर आणि भंडारदऱ्याजवळचे शेंडी. एका दिवसात पोहोचण्याची घाई न करता अकोल्यास मुक्काम करून सकाळी वर चढावे. पावसाळ्यात धुके उतरल्यावर घाटातील वळणे दिसत नाहीत.

कोणत्या महिन्यात जावे हे काय पाहावयाचे त्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा व फांद्या अंथरून रोपाची जागा भाजतात, त्यास राब म्हणतात. जुलैत आवणी चालते. कापणी दिवाळीच्या मागेपुढे. आमच्या मते जुलैचा मध्य उत्तम, कारण पाण्याची सारी व्यवस्था तेव्हाच चालू स्थितीत दिसते. मात्र शनिवार-रविवार टाळावा; त्या दिवशी शहरांतील मोटारींनी रस्ते भरून जातात, आणि शेतकऱ्यास बोलावयास उसंत नसते.

आता मुख्य गोष्ट. चिखलणीनंतर बांधास ओल्या मातीचा नवा हात दिलेला असतो. आमच्याकडील तालीवरून बैलजोडी गेली तरी काही होत नाही. तेथे पाहुण्याचा एक पाय घसरला की बांध फुटतो, वरच्या खाचराचे पाणी जोराने खालच्यात उतरते आणि नुकतीच लावलेली रोपे उखडून जातात. सबब मालकाने दाखविलेल्या वाटेनेच त्याच्या मागोमाग चालावे. पादत्राणे काढावी लागली तर काढावीत. परवानगीवाचून छायाचित्र काढू नये, विशेषतः आवणी करणाऱ्या बायकांचे.

पाहावयाचे ते हे: प्रत्येक खाचरास जादा पाणी जाण्याचे तोंड असते. ते कोणत्या कोपऱ्यात ठेवले आहे, किती उंचीवर आहे, आणि पाणी पडते तेथे दगड कसे बसविले आहेत, याची आकृती वहीत काढून घ्यावी. आमच्या कित्येक ताली फुटतात त्या सांडवा चुकीच्या जागी असल्यामुळे. खत-लागवडीविषयीही विचारावे. चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात, १५ व २५ सेंटीमीटर अशा आलटूनपालटून अंतरांवर रोपे लावतात आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची गोळी खोचतात. पावसाने खत वाहून जाऊ नये हा त्यातील हेतू. राबासाठी झाडे किती छाटली जातात हेही डोळ्यांनी पाहावे. त्या चालीविषयी तेथे उपदेश करण्याचे मात्र कारण नाही.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आहे; २०२० च्या पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. तेथे कळवून जावे. काळभात, जिरवेल या भातांची नावे आमच्याकडे कोणी ऐकलेली नसतील, पण वाल-घेवड्याचे वाण परसबागेस घेण्यासारखे आहेत.

उतरण्याची सोय गावातील घरीच करावी, आणि जेवणाचे पैसे आग्रहाने द्यावेत. आदरातिथ्य तेथे मोठे, पण धान्य मोजके असते. संततधार लागली असता तुटलेल्या कड्याखाली मुक्काम करू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच दरड कोसळून गाडले गेले व १५० हून अधिक माणसे दगावली. ओढ्यावरील फरशीवरून पाणी जात असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे. घोंगडी, जादा धोतर व कोरड्या कापडात गुंडाळलेली काडेपेटी बरोबर असावी.

परतताना तांदूळ थेट शेतकऱ्याकडूनच घ्यावा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी हल्ली सह्याद्रीच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी होतो. नवा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो, ही लबाडी नव्हे. मोकळा भात आवडणाराने गेल्या सालचा मागावा, आणि त्यास थोडा अधिक भाव द्यावा लागेल हे धरून चालावे.