अनुज्ञप्ती चालकाची, परवाना वाहनाचा

पगारी मोटारचालकास व्यावसायिक अनुज्ञप्ती लागते, हा समज सर्वस्वी बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चालकाचे वेतन पाहत नाही, तर वाहनाचे स्वरूप पाहतो. मालकाची खासगी मोटार पगारावर चालविणाऱ्यास हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती पुरते. भाड्याची टॅक्सी मात्र परिवहन वाहन ठरते आणि अशा वाहनासाठी अनुज्ञप्तीत तसा स्पष्ट अधिकार असावा, असे कलम ३ सांगते. स्वतःच्या वापरासाठी मोटार-कॅब भाड्याने घेऊन चालविणाऱ्यास यातून सूट आहे.

या भेदाची झळ अपघातानंतर लागे. ‘परिवहन’ अशी नोंद नसल्याचे कारण देऊन विमा कंपन्या भरपाईचे दायित्व नाकारीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ चाच निर्णय कायम केला. त्यानुसार ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाच्या परिवहन वाहनासाठी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी असून स्वतंत्र नोंदीची गरज नाही.

तथापि ही मुभा चालकाच्या अनुज्ञप्तीपुरतीच आहे. कलम ६६ अन्वये वाहनास लागणारा परवाना त्यामुळे माफ होत नाही. खासगी मोटार भाड्याने फिरविणे आजही बेकायदेशीरच ठरते.