विश्लेषण : पवनचक्कीचे पाते, सुखोईचा पंख आणि वाऱ्याची लय

नगरहून राळेगणसिद्धीला निघाले की वाटेत सुपा परिसरातील डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात. लांबून संथ वाटतात. पण आजच्या मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी 250 किलोमीटरहून अधिक वेगाने हवा कापते. पाते फायबरचे, लवचीक. वाऱ्यात ते वाकणारच. वाकण्याला पिळाची साथ मिळाली, की धोका सुरू होतो.

‘फ्लटर’ म्हणजे काय?

पाते असो वा विमानाचा पंख, तो वर-खाली हलतो आणि थोडा पिळतोही. एरवी या दोन हालचालींची लय वेगळी असते. हवेचा वेग वाढतो तशा त्या जवळ येतात आणि एका ठरावीक वेगाला जुळतात. मग प्रत्येक हेलकाव्याला हवेकडून ऊर्जा मिळत जाते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसेच. फक्त इथे धक्का कधी द्यायचा हे झोपाळाच वाऱ्याला सांगतो. अमेरिकेतील टॅकोमा पूल 7 नोव्हेंबर 1940 रोजी ताशी साधारण 64 किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. पाठ्यपुस्तके त्याला सर्रास अनुनाद म्हणतात, ते अपुरे आहे.

आघातलहरीने काय बिघडते?

समुद्रसपाटीला ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,235 किलोमीटर. विमान त्याच्या थोडे अलीकडे असतानाच पंखावरची हवा काही जागी ध्वनीला मागे टाकते. तिथे आघातलहर, म्हणजे शॉकवेव्ह उभी राहते आणि हवेचा दाब एकदम उडी घेतो. पंख हलला की लहरही सरकते, पण किंचित उशिरा. घात करतो तो हा उशीर. हेलकावा शमण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून ध्वनीच्या वेगाच्या आसपास फ्लटरची सुरक्षित मर्यादा घसरते. अभियंते त्याला ‘ट्रान्सॉनिक डिप’ म्हणतात.

नाशिकचा अनुभव

ब्राह्मोस घेऊन सुखोई-30 एमकेआय पहिल्यांदा उडाले ते ‘एचएएल’च्या नाशिक प्रकल्पातून, 25 जून 2016 रोजी. पोटाखाली सुमारे अडीच टनांचे क्षेपणास्त्र लावले की वजनाची वाटणी बदलते, लयी बदलतात. मोकळ्या विमानाचा हिशेब चालत नाही. अशा वेळी विमान जमिनीवरच थरथरवून लयी मोजतात आणि उड्डाणात वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. बंगालच्या उपसागरावर प्रत्यक्ष मारा झाला 22 नोव्हेंबर 2017 रोजी, म्हणजे तब्बल 17 महिन्यांनी. क्षेपणास्त्र सुटताच विमान क्षणात अडीच टनांनी हलके होते, तोही हिशेब आधीच हवा.

पवनचक्क्यांत आघातलहरींचा प्रश्न येत नाही, फ्लटरही दुर्मीळ. पण पाती लांब आणि सडपातळ होत चालल्याने रचनाकारांना तो विचारात घ्यावा लागतो. वारा ताशी 90 किलोमीटरच्या आसपास गेला की बहुतेक पवनचक्क्या पात्यांची धार वाऱ्याकडे वळवून आपोआप थांबतात. तेव्हा ऐन वादळात डोंगरावरची पवनचक्की थांबलेली दिसली, तर ती बिघडली असेलच असे नाही.