हिरवी कांडी, गुलाबी ओठ

कांडी हिरवी, निळी, काळी, नाहीतर आतलं वाळकं फूल दिसेल इतकी पारदर्शक. ओठांवर फिरवली की थोड्याच वेळात ओठ गुलाबी. रंग बदलणाऱ्या लिपस्टिकची ही गंमत खरीच आहे. तिच्याभोवती विणलेल्या कथा मात्र बहुतेक विकणाऱ्यांच्या.

सगळ्यांत लाडकी कथा म्हणजे ती मूड ओळखते. 1975 च्या सुमारास अमेरिकेत ‘मूड रिंग’चं वेड पसरलं होतं. त्या अंगठीतले द्रवस्फटिक बोटाच्या तापमानाप्रमाणे रंग बदलत. लिपस्टिकमध्ये असलं काही नसतं, आणि ती त्या अंगठीहून जुनी आहे. 1930 च्या दशकातच तिकडे ‘टँगी’ नावाची नारिंगी लिपस्टिक ओठांवर गुलाबी होत असे.

करामत असते ‘रेड 27’ या कृत्रिम रंगाची. मेण आणि तेलाच्या, पाण्याचा थेंबही नसलेल्या मिश्रणात तो जवळजवळ रंगहीन राहतो. ओठांवरचा ओलावा आणि तिथली कमी आम्लता मिळाली की त्याच्या रेणूची रचना बदलते नि तो भडक गुलाबी दिसू लागतो. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, त्याच जातीचं हे रसायन. मग कांडीचा हिरवा रंग जातो कुठे? तो मुळात जेमतेम असतो. पातळ थरात गुलाबीपुढे त्याचं काही चालत नाही.

‘प्रत्येकीला तिची खास छटा’ हे अर्धसत्य. रंग सगळ्यांना गुलाबीच देतो, पण थर पारदर्शक असल्याने ओठांचा मूळ रंग खालून डोकावतो. म्हणून सावळ्या ओठांवर तो गडद वाटतो, फिकट ओठांवर झगझगीत. तपकिरी किंवा विटकरी छटा आवडत असेल, तर या वाटेला जाऊच नये.

आतल्या फुलामुळे रंग नैसर्गिक ठरत नाही, फूल शोभेपुरतं. वेष्टनावरच्या यादीत रेड 27 चा सीआय 45410 हा क्रमांक दिसला, तर गुलाबी त्याचाच.

सोन्याची अंगठी घासून काळी रेघ उमटली की लिपस्टिकमध्ये शिसं, हा निरोपही फिरत असतो. मेणावर धातू घासल्यावर उमटणारी रेघ शिशाबद्दल काहीच सांगत नाही. प्रसाधनांच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत 20 भागांपेक्षा जास्त नसावं, असा भारतातला नियम आहे. इतकं सूक्ष्म प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं.

आणि ‘धुतली की जाते’ यावर तर मुळीच विसंबू नका. खोबरेल तेलाने मेण निघतं, पण हा रंग त्वचेतल्या प्रथिनांना धरून बसतो, त्यामुळे गुलाबी झाक बराच वेळ रेंगाळते. रेड 27 हा इओसिन या कृत्रिम रंगाच्या कुळातला, आणि अशा रंगांची काहींना ॲलर्जीही असते. लग्नकार्याच्या सकाळी पहिल्यांदा लावण्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. खाज सुटली, पुरळ आलं, तर ओठांना लावू नये.