पाठीचे वतन

सन 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव लोहमार्गाच्या उद्घाटनासाठी वऱ्हाडात आले, तेव्हा त्या समारंभाचे खरे यजमानपद कापसाकडे होते; परंतु तो कापूस बैलगाडीतून जिनात आणि जिनातून आगगाडीच्या वाघिणीत ज्या पाठींवरून गेला, त्या पाठींची कैफियत कोणत्याही दफ्तरात दाखल झाली नाही. खामगावच्या या बुलढाणा जिल्ह्यात उसण भरणे, कंबर धरणे, पाय ओढीत चालणे ही दुखणी पिढ्यान्‌पिढ्या ओझ्याच्या खात्यावर मांडली गेली, आणि त्यांवर उपाय म्हणून पायाळू माणसाचा, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याचा, पाय पाठीला लावून घेण्याची वहिवाट चालू राहिली. दुखणे कष्टाचे आणि उतारा जन्माचा, अशी लोकांनी केलेली ही वाटणी होती. गेल्या नव्वद वर्षांत वैद्यकशास्त्राने ती कशी उलटीपालटी केली, याचा हा मागोवा.

जुन्या ग्रंथकारांना या व्याधीचे रूप अपरिचित नव्हते. पाय उचलण्याची क्रियाच रोखून धरणारी ‘गृध्रसी’ सुश्रुताने वर्णिली आहे, आणि आजचा डॉक्टर रुग्णाला उताणा निजवून त्याचा सरळ पाय वर उचलून पाहतो, तेव्हा तो याच लक्षणाचा शोध घेत असतो. बीजाच्या ज्या भागात दोष, त्या भागापासून बनणाऱ्या अवयवात विकृती, हा विचार चरकाने मांडला होता. परंतु हे बीज आणि ती गृध्रसी यांची गाठ पडण्यास विसावे शतक सरत यावे लागले.

1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी असे दाखवून दिले की, मणक्याजवळ आढळणाऱ्या आणि अर्बुद समजून कापल्या जाणाऱ्या गाठी पुष्कळदा दोन मणक्यांमधील, फाटून बाहेर आलेल्या गादीचेच तुकडे असतात व तेच पायाच्या नसेवर दाब आणतात. या शोधाने शस्त्रक्रियेला नवे क्षेत्र मिळाले आणि त्याबरोबरच कारणाचे बोट इजेकडे व ओझ्याकडे अधिकच ठामपणे वळले. गादी म्हणजे जणू मोटारीचा टायर, वापरला की झिजणारच, ही समजूत पुढील अर्धशतक दवाखान्यांत आणि कारखान्यांत सारखीच रूढ राहिली.

तथापि, ज्याने अजून पोते उचलले नाही, त्या मिसरूड फुटण्याच्या वयातील मुलाची गादी का सरकावी, याचा उलगडा या समजुतीने होत नव्हता. 1991 मध्ये अमेरिकेत एकवीस वर्षांखालील रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी शेकडा 32 जणांच्या आईवडिलांपैकी कोणाला तरी हाच विकार होऊन गेला होता; तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण शेकडा 7 होते. पुढे 1995 मध्ये फिनलंडमधील एकबीज जुळ्या पुरुषांच्या 115 जोड्यांच्या चित्रणांवरून असे निष्पन्न झाले की, कमरेच्या वरच्या भागातील झिजेच्या फरकांपैकी केवळ शेकडा 7 कामाच्या भाराने उलगडतात; त्यात वय मिळविले की 16, आणि कौटुंबिक साम्य मिळविले की 77. खालच्या दोन गाद्यांत मात्र ही सर्व बेरीज 43 वरच थांबली. या खालच्या गाद्याच बहुधा सरकतात, आणि नेमका त्यांचाच निम्म्याहून अधिक हिशेब बिनजमेचा राहिला, हे वारशाचा डंका पिटणारे सहसा सांगत नाहीत. 2002 मध्ये याच देशातील जुळ्यांच्या 45 जोड्या तपासल्या गेल्या. एक भाऊ जन्मभर वाहनचालक, दुसरा नाही, आणि तरी दोघांच्या गाद्यांत म्हणण्याजोगा फरक नाही! बुलढाण्याच्या राजूर घाटातून रोज एस. टी. चढविणाऱ्या चालकाला हे ऐकून आश्चर्यच वाटेल.

हा वारसा देहात नेमका कोठे लिहिलेला असतो? गादीला प्रौढ वयात स्वतःच्या अशा रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडातून जे पाझरेल त्यावर तिचा निर्वाह, म्हणून तिची मूळची घडणच तिला तारते किंवा मारते. बाहेरचे कडे कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या दोरखंडांचे, आतला गाभा अ‍ॅग्रीकन या प्रथिनाने धरून ठेवलेल्या पाण्याचा. 1999 मध्ये जपानमधील तरुण स्त्रियांत अ‍ॅग्रीकनच्या जनुकाचा आखूड प्रकार अनेक गाद्यांच्या झिजेशी निगडित आढळला. त्याच वर्षी फिनलंडमध्ये नवव्या प्रकारच्या कोलॅजनमधील एक बदल 157 रुग्णांपैकी सहांत सापडला, व 174 निरोगी माणसांपैकी एकातही नाही. परंतु हाँगकाँगच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखविले की, दक्षिण चिनी लोकांत तोच बदल शंभरांत विसांकडे आहे, आणि तिशीतील माणसांत तो झिजेचा धोका चौपट करतो. एका मुलखातील दुर्मीळ दोष दुसऱ्या मुलखात घरोघरचा! तेव्हा परक्या रक्तावरून आपल्या पाठीचा निवाडा करणे शहाणपणाचे नव्हे, हे ओळखून कोइमतूरच्या गंगा इस्पितळातील राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण भारतीयांतील जनुके तपासून 2015 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आणि पुढे त्यांनीच असेही दाखवून दिले की, ‘झीज’ या शब्दाची व्याख्या किंवा रुग्णांचा वयोगट बदलला की जनुकांशी जुळलेले संबंधही बदलतात. अनेक जनुके, प्रत्येकाचा वाटा अल्प, आणि चित्रणात झिजलेली गादी दिसूनही वेदनेचा मागमूस नसलेली कितीतरी माणसे, असा हा गुंतागुंतीचा दस्तऐवज आहे. त्यावरून कोणाही एका तरुणाचे भविष्य वर्तविता येत नाही.

मग हे ज्ञान कोणाच्या हाती पडते, यालाच महत्त्व येते. अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीने हाताच्या नसा दुखावलेल्या कामगारांची जनुके त्यांच्या नकळत तपासली. दोष कामाचा नसून जन्माचा ठरावा, ही त्यामागची गरज, आणि तेथील सरकारी आयोगाने 2001 मध्ये त्या कंपनीला न्यायालयात खेचले. आपल्याकडे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आरोग्यविम्यातून ‘आनुवंशिक विकार’ सरसकट वगळणे घटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. ज्या महाराष्ट्र राज्याने 1969 मध्ये माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्याने हा धोका विशेष ओळखावा.

वऱ्हाडातील शेतकरी सरकी पेरताना बियाण्याची जात पाहतो, परंतु पीक बुडाले की केवळ बियाण्याला बोल लावून थांबत नाही. पाऊस, जमीन, कीड, फवारणी यांचाही तो हिशेब मांडतो. पाटील-देशमुखांची वतने कायद्याने खालसा झाली. पाठीचे वतन खालसा होत नाही, आणि त्याचा फेरफार कोणत्याही तलाठ्याकडे नोंदला जात नाही. म्हणून बाविशीतला एखादा पोरगा कंबर धरून खामगावच्या दवाखान्यात येतो, तेव्हा डॉक्टरने त्याला ‘वडिलांना हा त्रास होता का?’ हे अवश्य विचारावे. या प्रश्नाला पैसा पडत नाही आणि जनुकांच्या महागड्या तपासणीहून तो आज अधिक उपयोगी आहे. मात्र त्याच दमात दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: ‘पोते किती किलोचे होते?’ कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ज्याच्या पाठीला वारशानेच गादी कमकुवत मिळाली आहे, त्याच्यापुरते तरी ते पोते हलके करण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.