गाठीतले राखणदार

परवा कर्वेनगरात आमच्या शेजारणीने विचारले, "सर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात म्हणता, मग माझ्या बहिणीच्या स्तनात कर्करोगाची गाठ झालीच कशी?" प्रश्न मार्मिक आहे, मंडळी. मी काही डॉक्टर नव्हे. पण समजले ते सांगतो.

गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तीत नुसत्या कर्कपेशी नसतात. पांढऱ्या पेशीही शिरलेल्या दिसतात. त्यांतल्या लसीकापेशी म्हणजे राखणदार. बिघडलेली पेशी ओळखून मारायची, हे त्यांचे काम. संप्रेरकांवरची औषधे लागू पडत नाहीत अशा काही गाठींत त्या पुष्कळ असल्या, तर रोगी बरा होण्याची आशा वाढते. भक्षकपेशींचे मात्र तसे नाही. त्या पुष्कळदा चक्क फितूर होतात, गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात! शिवाय कर्कपेशी राखणदाराच्या अंगावरचा 'थांब' म्हणणारा खटका दाबते. तो बिचारा काठी टाकून उभा राहतो. असे खटके मोकळे करण्याची वाट दाखवणाऱ्या ॲलिसन व होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले.

मुंबईत आय. आय. टी. आणि टाटा स्मारक रुग्णालयाने रोग्याच्याच लसीकापेशी पढवून सिद्ध केलेल्या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. पण तो रक्ताच्या कर्करोगावर. रक्तात शत्रू समोरच भेटतो. स्तनाच्या टणक गाठीत शिरणे नि तग धरणे त्या पेशींना फार जड जाते.