पहाटे ३.५६ ची आठवण किती खरी?

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडमध्ये पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुम्ही कुठं होता? उत्तर यायला वेळ लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. साधारण पन्नास किलोमीटरवर किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढं पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनं, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं, वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास केला.

कोण आधी जागं झालं, कोणतं भांडं पडलं, हे सगळं तीस वर्षांनंतरही लोक ठामपणे सांगतात. पण ठामपणा हा खरेपणाचा पुरावा आहे का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी हाच प्रश्न धरला. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठं, कुणाकडून कळली ते लिहून घेतलं. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांच्या उत्तरात पहिल्या नोंदीशी जुळणारं काहीच नव्हतं. अनेकांना मात्र आपल्या नव्या आठवणीची पक्की खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवूनही मूळ आठवण परत आली नाही. पहिली नोंद नसती, तर ही चूक कुणालाच कळली नसती. स्मृतीच्या संशोधनाचं सारं बळ त्या पहिल्या कागदात असतं.

मग १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. नायसर आणि सहकाऱ्यांनी दोन गट घेतले. एका गटानं हादरा स्वतः अनुभवला होता, दुसऱ्यानं दूर अटलांटात फक्त बातमी ऐकली होती. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटाच्या आठवणी जवळजवळ अचूक निघाल्या, दुसऱ्याच्या बऱ्याच घसरल्या होत्या. यात एक अनपेक्षित गोष्ट होती: अनुभवणाऱ्यांनी आपण किती घाबरलो हे जे सांगितलं, त्याचा आठवणीच्या अचूकपणाशी संबंध दिसला नाही. संशोधकांच्या मते, ती हकीकत पुन्हा पुन्हा सांगितल्यानं ती टिकली असावी.

मेंदूकडून येणारा पुरावा मात्र भावनेच्या बाजूनं बोलतो. धोका दिसला की अमिग्डाला हा छोटा भाग सावध होतो, नॉरॲड्रेनॅलिन वाढतं आणि आठवण पक्की करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जोर मिळतो. १९९४ मध्ये लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांच्या गटानं काही स्वयंसेवकांना प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारं औषध, देऊन हेलावून टाकणारी चित्रकथा दाखवली; इतरांना नुसती निष्क्रिय गोळी दिली. आठवड्यानं कथेचा भावनिक भाग औषधवाल्यांना इतरांपेक्षा कमी आठवला. माझ्या मते या दोन निष्कर्षांत भांडण नाही. ‘मी फार घाबरलो’ हे तोंडी माप कच्चं आहे, शरीरात काय घडलं ते त्यातून नीट कळत नाही.

मुरुडची गोष्ट लोमा प्रिएटाच्या अभ्यासातल्या दोन गटांच्या मधली आहे. हादरा स्वतःचा, पण किल्लारीचा विध्वंस रेडिओ, वर्तमानपत्रं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळलेला. म्हणजे एकाच माणसाच्या मनात दोन प्रकारच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत. अंथरुणातून उठून बाहेर पळाल्याची आठवण बहुधा खरी असेल. ‘किल्लारीची बातमी मला अमक्यानं सांगितली’ याबद्दल मात्र मी साशंक राहीन.

१९९३ चा पहिला कागद आता मिळणार नाही. तरी घरातल्या प्रत्येकानं, एकमेकांशी न बोलता, आपली हकीकत लिहून काढावी आणि मग ताडून पाहावी. तपशील जुळले म्हणून लगेच खरे मानू नका, एकत्र बसून वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्टही जुळते. लातूरच्या महाविद्यालयांतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातून उत्तम प्रकल्प करता येईल. आणि हिंगोली-नांदेडकडं २०२४ मध्ये जाणवला तसा धक्का पुन्हा बसला, तर आधी सुरक्षित जागी या, आणि फोनवर बातम्या पाहण्याआधी आपल्याला काय जाणवलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा.