नेट गेलं, हे गिऱ्हाईकाआधी तुम्हाला कळलं पाहिजे

खामगावात बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, कार्ड मशीन चालत नाहीये." माझ्या दुकानात हे घडलं तेव्हा नेटची लाइन अर्धा तास आधीच गेली होती. वायफायच्या स्विचवर ईमेल अलर्ट लावलेला होता बरं का! पण तो ईमेल जाणार कुठून? त्याच बंद लाइनवरून. तेव्हापासून मी असं सेटिंग करतो:

१. पहारेकरी बाहेर ठेवा. स्विचला क्लाउड खातं असेल तर त्यात 'डिव्हाइस ऑफलाइन' अलर्ट चालू करा. स्विचचा संपर्क तुटला की निरोप बाहेरून येतो. फोनवर मोबाइल डेटा चालू असू द्या.

२. वायफाय बॉक्स, कॅमेरा, बिलिंगचा कॉम्प्युटर यांना दर मिनिटाला पिंग लावा. सलग ३ वेळा उत्तर आलं नाही तरच अलर्ट. एकाच चुकीवर लावला तर फोन दिवसभर वाजेल, आणि खरा अलर्टही तुम्ही बघणार नाही.

३. एसएनएमपी वापरत असाल तर 'पब्लिक' हा आयता परवलीचा शब्द आधी बदला. व्हर्जन ३ असेल तर तेच घ्या.

४. राउटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर ठेवा. नाहीतर लाइट गेली की दरवेळी अलर्ट येईल.

आता परीक्षा. आज दुकान बंद करताना नेटची केबल काढा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फोन वाजला तर काम झालं. नाही वाजला, तर सेटिंग कागदावरच आहे समजा!